तिसऱ्या मजल्यावरचा गाळा

“अण्णा, नव्या इमारतीत गाळा घेणार की नाही, ते आज सांगून टाका,” इलेक्ट्रॉनिक्स बाजाराचा सेक्रेटरी म्हणाला. बायको कुमुद गेल्यापासून अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंदच होतं. ‘नको’ म्हणायलाच ते आले होते.

पण चार टपऱ्यांच्या त्या बाजाराचे पाच मजले झालेले आणि वर आणखी दोन चढत असलेले पाहून ते हरखले. तिसऱ्या मजल्यावर, भर वाटेवर बसून एक मुलगी मोबाईलचं सोल्डरिंग करत होती. अण्णांनी वाकून सोल्डरचा टाका पाहिला. गोल, चकचकीत.

“मध्ये घुसू नका काका, नंबर लावा!” रांगेतलं एक गिऱ्हाईक ओरडलं.

कुमुदचा टाका असाच असायचा. पण ती दुकानात पडद्यामागे बसून काम करायची. “बाईचा हात दिसला की गिऱ्हाईक बिचकतं,” म्हणून हसायची. शाबासकी अण्णांना मिळायची. इथे तर गिऱ्हाइकं त्या मुलीसमोर रांग लावून उभी होती.

“गाळा घेतो,” अण्णा सेक्रेटरीला म्हणाले. “हिच्यासारखी एखादी कारागीर तेवढी शोधून द्या.”

“देतो की! आणि सामान ठेवायला मागे पडदा लावून देऊ?”

“पडदा सोडून काय हवं ते लावा.”