कडू संत्रं

सेव्हिया शहरात रस्त्याकडेची संत्री इतकी कडू, की गावचा माणूस त्यांना तोंड लावत नाही. फसतात ते परदेशी पाहुणे. तीन दिवस उपाशी असलेल्या, पण हात पसरायला लाजणाऱ्या एलादियोने म्हणूनच पर्यटकाची टोपी चढवली, लांबच्या बारसमोरचं संत्रं तोडलं आणि चारचौघांत कचकन चावलं. डोळ्यांत आलेलं पाणी मात्र खरं होतं.

"फसला रे, आणखी एक पाहुणा फसला!" गिऱ्हाइकं खिदळली. "अहो साहेब, ती मुरंब्याची! या, बसा, आमच्याकडून काही खा आणि जिभेवरचा कडवटपणा घालवा."

परक्यासारखं मोडकंतोडकं स्पॅनिश बोलत त्याने पाव, ऑलिव्ह, बटाट्याचं आम्लेट, सगळं फस्त केलं.



बशी उचलताना वेटर हळूच कानाशी वाकला, "एलादियोकाका, उद्यापासून संत्रं न खाताच या."