मिटवून टाका

पडद्यावरची आई "माफ केलं" म्हणाली, तेव्हा अकरा सेकंद तिची पापणी लवली नाही. मी मोजले. तिच्या मुलाला गाडीखाली चिरडणारा माणूस समोर रडत होता, आणि तिच्या नजरेतला राग जराही कमी झालेला नव्हता. दिग्दर्शकाने तो लपवला नाही, म्हणून मला सिनेमा फार आवडला.

बाहेर आलो तर धाकट्या जावेचे डोळे सुजलेले. "काय काम केलंय बाईनं! माझा पदर भिजला."

"तुझा पदर जाहिरातीतही भिजतो," भावोजी तिला म्हणाले आणि माझ्याकडे वळले. तिकिटं त्यांनीच काढली होती. "वहिनी, पाहिलंत ना? पोहण्याचे सर वर्षभर पाया पडायला येताहेत. आपली केतकी आता परत येणार आहे का? मिटवून टाका."

माझी लेक बुडाली त्या संध्याकाळी मी तिला आणायला गेले, तेव्हा सर तलावाच्या फाटकाबाहेर चहा पीत उभे होते. हे फक्त मी पाहिलं. कोर्टात ते सांगणार की नाही, याचं उत्तर मी वर्षभर कुणालाच दिलं नव्हतं.

"त्यांना मी माफ केलं, भावोजी. आत्ताच, आत बसल्या बसल्या."

"सुटलो बाई!" जावेने हात जोडले. "म्हणजे मिटलं."

"मिटलं नाही. ते आता दुसऱ्या तलावावर लहान मुलांना शिकवतात. सोमवारी मी साक्ष देणार आहे."