तीन तासांचा चहा

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी त्या चिमुकल्या विमानतळावरून एकुलते एक विमान सुटे. त्याआधी नोंदी ठेवणारा कारकून वैमानिकाच्या हाती चहाची किटली देई. चहा ताईसाठी असे. बाराशे किलोमीटरवरच्या, तितक्याच एकाकी विमानतळावर तीही नोंदीच ठेवी. वही सोडून हलता येत नसल्याने बहीणभावाची नऊ वर्षांत भेट नव्हती. तीन तासांनी फक्त तिचा फोन येई, "विमान पोचलं. चहा गारढोण!"

आज फोन सव्वाआठलाच खणखणला.

"अरे, जीभ पोळली की माझी!" ताई खळखळून हसत होती.

"विमान पोचलं?"

"हे काय, समोर उभं आहे. खरी वेळ वर कळवलीस, तर चौकशी लावून उड्डाणच बंद करतील हं!"

त्याने आजवर एकही खोटी नोंद केली नव्हती. आज त्याने सुवाच्य अक्षरात 'तीन तास' लिहिले, वही मिटली आणि दोन कप घेऊन ताईकडे जायला धावपट्टीवरून चालू लागला. पावले जणू नाचत होती. कुंपणापलीकडच्या उघड्या माळावर चिटपाखरूही नव्हते.

तिथूनच, अगदी जवळून, ताई म्हणाली, "बशा विसरलास ना, वेंधळ्या?"

बशा आणायलाही तो मागे वळला नाही.