सत्तेचाळीस मिनिटं

माइक चालू झाला तेव्हा व्हर्लिन टॅगर्ट अजून हॉलमागच्या स्वयंपाकघरातच होता. शर्टाचं गळ्यापाशीचं बटण काही केल्या लागत नव्हतं. इतकी वर्षं ते त्याची बायको, ओपल, लावून द्यायची.

बाहेर अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्याच्या प्रचारसभेला गाव लोटलं होतं. बंब रस्त्यावर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. बायकांनी घरून केक आणि बीन्सची पातेली आणली होती. भिंतींवर जिकडेतिकडे एकच पोस्टर होतं : ‘४७ मिनिटं’. ते व्हर्लिनच्या मुलीनं, मार्नीनं रंगवलं होतं. मागच्या ऑक्टोबरात तिची आई अंगणात कोसळली, तेव्हा अँब्युलन्स यायला तेवढा वेळ लागला होता. पूर्वी ती गाडी इथेच, याच हॉलमध्ये उभी असायची. चार वर्षांपूर्वी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या बोर्डानं ती चाळीस मैलांवर हलवली.

सत्तर वर्षांच्या आयुष्यात व्हर्लिननं गहू पिकवला होता, भाषण कधी केलं नव्हतं. पण आईला पुरून आल्यावर मार्नीनं शहरातली नोकरी सोडली आणि बापासमोर येऊन बसली.

“बाबा, काउंटी बोर्डाच्या निवडणुकीला तुम्ही उभे राहा. ज्यानं ती गाडी इथून घालवली, त्याला घरी बसवल्याशिवाय मी परत जायची नाही. आयुष्यात त्याचं तोंड बघायचं नाही मला.”

तो माणूस म्हणजे हॉलिस ब्रँट. बोर्डावर तीनदा निवडून आलेला. आणि आता मागचं दार ढकलून, टोपी हातात धरून, तोच आत आला.

“माझ्या सभेला तू?” व्हर्लिन म्हणाला. “लाज सोडलीस की काय?”

“लोकांनी विचारलं तर केक खायला आलो म्हणेन.” हॉलिसनं दार लावून घेतलं. “तू उभा राहा, गड्या. मला पाड. माझं काही म्हणणं नाही. फक्त ओपलचं मरण माझ्या माथी मारू नकोस.”

“मग कुणाच्या मारू? गाडी कुणी हलवली?”

“बोर्डानं हलवली. ती राखायला मी करात अर्धा टक्का वाढ मागितली होती. त्याविरुद्ध गावात सह्यांचा कागद फिरला. वाढ रद्द व्हायला तीनशे सह्या लागत होत्या. बरोबर तीनशे भरल्या.”

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. व्हर्लिननं चष्मा लावला. मधल्या रांगेत त्याचं स्वतःचं नाव होतं.

त्याला आठवलं. पेरणीचे दिवस होते. बियाण्यांच्या दुकानापुढे कुणीतरी ट्रकच्या खिडकीतून कागद आत सारला होता. “कर वाढवून हवाय का रे तुला?” “छट्!” एवढंच बोलणं झालं होतं. गडबडीत त्यानं सही ठोकली होती.

त्याच्या नावाखाली ओपलचं नाव होतं. अक्षर त्याचंच. दोन्ही ओळी एका दमात लिहिलेल्या. तिला विचारावं, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“तिच्या कानावर गेलं होतं,” हॉलिस हळू आवाजात म्हणाला. “माझ्याकडे आली होती. मी म्हटलं, ही सही माझी नाही म्हणून लिहून दे, एक सही कमी झाली की गाडी राहते. घटकाभर बसली. मग म्हणाली, नको. तसं केलं तर व्हर्लिनची चारचौघांत नाचक्की होईल. राहू दे.”

व्हर्लिन खाली बसला.

“हा मूळ कागद आहे. दुसरी प्रत नाही. घे, जाळून टाक. मी कुणापाशी बोलणार नाही, तिला तेव्हाच तसा शब्द दिला होता मी.”

एवढ्यात मार्नी आत डोकावली. “बाबा, चला ना! किती वेळ?” तिची नजर हॉलिसवर पडली आणि तिनं तोंड फिरवलं. विटाळ झाल्यासारखं. हॉलिस हॉलमध्ये गेला आणि शेवटच्या रांगेमागे उभा राहिला.

व्हर्लिन माइकपुढे आला तेव्हा टाळ्या झाल्या. मार्नीनं लिहून दिलेलं भाषण त्याच्या खिशात होतं. हॉलिसनं दिलेला सह्यांचा कागदही. त्यानं खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

“ओपल कुणामुळे गेली,” तो म्हणाला, “ते मला आज कळलं. आत्ता कळलं.”

मागं उभ्या हॉलिसनं मान वर केली. त्यानं डोकं किंचित हलवलं, जणू म्हणत होता, नको रे, कशाला आता, काही गरज नाही.

व्हर्लिनला मनात विलक्षण शांत वाटत होतं. सांगून टाकलं की संपलं. निवडणूक संपली, सगळं संपलं. पुढचा शब्द होता ‘माझ्यामुळे’, आणि तो जिभेवर आला होता.

त्यानं खाली पाहिलं. पहिल्या रांगेत मार्नी बसली होती. डोळे भरलेले, हनुवटी थेट आईची. आईमागे तिला आता एवढा एकच माणूस उरला होता, आणि त्याच्याकडे ती डोळ्यांत प्राण आणून बघत होती.

व्हर्लिननं खिशातला हात बाहेर काढला, बोट उचललं आणि शेवटच्या रांगेमागच्या हॉलिसवर रोखलं.

माना वळल्या. पहिली टाळी मार्नीनं वाजवली.