पीटीचा तास

समितीनं शाळेत खेळाची बाई नेमायचं ठरवलं, तेव्हा मुख्याध्यापक ठोंबरे गुरुजींनी नाक मुरडलं. कडावची पोरं ढोपरभर चिखलात हुंदडतात, त्यांना धावायला शिकवणारी पदवीवाली कशाला?

"पीटीचा तास मी इतकी वर्षं घेतोच हाय," ते म्हणाले. "शिट्टी फुंकली की झालं."

घेणं म्हणजे व्हरांड्यात खुर्ची टाकून मोबाइल चाळणं, एवढं सांगायचं त्यांनी टाळलं. तरीही पळसदरीहून सोनालीबाई आल्या. बी.पी.एड. झालेल्या, पायात बूट, हातात दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या. गुरुजींनी आधी त्यांना मैदान दाखवलं. भादव्यात आजूबाजूचे बांध कंबरभर गवतानं माजले होते. शाळेचं मैदान मात्र नुकत्याच हजामत केलेल्या डोक्यासारखं. तालुक्यात असं मैदान नाय, असं गुरुजी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

मग पहिली ते चौथीची पोरं बाहेर आली आणि चारी दिशांना पांगली. त्यांना जवळ बोलवायला बाईंनी शिट्टी वाजवली.

सगळी पोरं पळत आली, ओळीनं उकिडवी बसली आणि खाली मान घालून गवत उपटायला लागली. दुसरीतली एक चिमुरडी सरकत सरकत बाईंच्या बुटांपाशी आली. "बाई, जरा पाय उचला ना."

बाईंच्या हातातल्या दोऱ्या तशाच राहिल्या. गुरुजींची छाती मात्र फुगली.

"बघा बाई," ते म्हणाले, "हे मी पदवीबिगर शिकवलंय."