उलटा का करायचा?

सगळ्या वर्गाचे दिवे हिरवे झाले, पण हेमांगीच्या मनगटपट्टीवरचा पिवळाच राहिला. मुद्दा समजला असं मनापासून वाटलं की तो हिरवा होई. आज सुट्टीपर्यंत झाला नाही, तर उद्यापासून तिचं गणित बंद होणार होतं.

"अगं, उत्तर बरोबर आहे तुझं," धुपकर सर म्हणाले. "एक छेद दोन भागिले एक छेद चार. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणलंस, दोन आले. झालं की!"

"पण सर, उलटा का करायचा?"

"नियमच आहे तो."

"हिचं आपलं रोजचंच!" मागून स्वरूपा म्हणाली. वर्ग हसला.

सरांनी मात्र स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. पट्टी शिक्षकांनाही असे. सर आपल्या पट्टीवर कायम बाही ओढून ठेवत. आज त्यांनी बाही वर सारली. त्यांचाही दिवा पिवळा होता.

"एकतीस वर्षं शिकवतोय, पण हे मलाही कळलेलं नाही. ये, दोघं मिळून बघू."

हेमांगीने डब्यातली भाकरी काढली. सरांनी ती मोडली.

"एका भाकरीचे चतकोर किती?"

"चार."

"आणि अर्ध्या भाकरीचे? भागायचं म्हणजे अर्ध्यात चतकोर किती मावतात, तेच बघायचं ना!"

"चारचे निम्मे, दोन." ती थबकली. "सर, म्हणजे आपण अर्ध्याला चारने गुणलंच की!"

दोघांचे दिवे एकदमच हिरवे झाले.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "सर, माझा आता पिवळा झालाय."

"छान झालं, स्वरूपा," सर सरकून बसत म्हणाले. "ये इकडे. हेमांगी सांगेल."