निळा डावीकडचा

"ह्याला चित्र म्हणत्यात व्हय?"

बब्रुवान एवढ्या मोठ्यानं बोलला की नळदुर्गच्या शाळेत प्रदर्शन बघायला आलेली सगळी माणसं मागं वळली. अणदूरहून चालत आला होता तो, मुद्दाम हसायलाच. समोर पुतण्यानं, सिदूनं काढलेलं चित्र होतं. त्यात ना माणूस, ना झाड, ना देव. एक लाल आकार, शेजारी एक निळा आकार आणि दोघांवर आडवा काळा पट्टा. खाली नाव लिहिलं होतं, 'सख्खे'.

"शेंबडं पोरगंबी कोळशानं याच्यापरीस बरं काढंल!"

माणसं फिदीफिदी हसली. बब्रुवानला आणखीच चेव आला.

कोपऱ्यात सिदूचा बाप, बब्रुवानचा धाकटा भाऊ रामकिसन, मान खाली घालून उभा होता. त्याच्याकडं बब्रुवाननं ढुंकूनही बघितलं नाही. एकेकाळी दोघा भावांचा एकेक बैल होता. सावडीनं एकाच औताला जुंपायचे, दोघांची रानं करायचे. पोळ्याला थोरल्याच्या बैलाची शिंगं लाल, धाकट्याच्या बैलाची निळी. मग या शहाण्यानं ऐन पेरणीच्या तोंडावर आपला बैल विकला. कशासाठी, तर पोराला हैदराबादेत रेघोट्या शिकवायला! त्या साली बब्रुवान एका बैलासाठी दारोदार फिरला. मेलो तरी याच्याशी बोलणार नाही, अशी आण त्यानं तेव्हाच घेतली. त्याला आता पाच वर्षं झाली होती.

"बैल इकून हे शिकलास व्हय रं? सांग की, काय हाय ह्यात?"

शेजारीच उभ्या असलेल्या सिदूनं नुसतं चित्राकडं बोट केलं. बब्रुवान नाक मुरडत चित्राच्या जवळ गेला. त्यानं लाल बघितला. निळा बघितला. मानेवर जू ठेवावं तसा तो काळा पट्टा दोघांवर बसला होता. बब्रुवान बघतच राहिला. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या जोडीची मनापासून आठवण आली.

मग तो गर्रकन वळला आणि त्याच तुसड्या आवाजात थेट भावावर खेकसला, "रामकिसन, निळा डावीकडं चालायचा. उजवीकडं काढलाय ह्यानं! पोराला एवढंबी ठावं न्हाय?"

रामकिसननं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

"दादा, आपण औताच्या मागं असायचो," तो म्हणाला. "ह्यो भाकरी घिऊन समोरून यायचा."